‘शांत’ बजी मिळाल्याचा आनंद मानू नका

दोन वर्षांपूर्वी मी एक हिरवा बजी विकत आणला. दुकानदाराने तो भोकं पाडलेल्या खोक्यात घातला आणि म्हणाला, ‘‘एकदम शांत आहे, बिनधास्त हातात घ्या.’’ घरी तो खरंच शांत होता. पिसं फुगवून दांडीच्या टोकाला बसायचा, भरदुपारीही डोळे मिटायचा. आई म्हणाली, ‘‘किती गुणी आहे बघ!’’ मी त्याची रील टाकली. भरपूर बदाम मिळाले. चौथ्या दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडला होता.

आम्ही ज्याचं कौतुक करत होतो, तो त्याचा आजार होता.

नवा पक्षी आणलेल्या मित्रमैत्रिणींचे मेसेज मला आजही येतात. ‘बजी विचित्र वागतोय’ ही तक्रार ठरलेली. काय करतो? हात आत घातला की फडफडतो. रात्री चोचीने करकर आवाज करतो. एका पायावर झोपतो. म्हणजे निरोगी पक्षी जे करतो तेच! आणि जो हलत नाही, ओरडत नाही, चावत नाही, त्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नसते. माझं भांडण आहे ते या उलट्या मापाशी.

आपल्याकडे दुकानांत ज्यांना सर्रास ‘लव्हबर्ड्स’ म्हणतात, ते बहुतेक वेळा बजी असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजी ऑस्ट्रेलियातला. ज्या प्राण्याचं नावसुद्धा आपण धड विचारत नाही, त्याचा स्वभाव काय समजून घेणार? तिथल्या कोरड्या माळरानांवर बजी थव्याने राहतात आणि पाणी व गवताचं बी शोधत भटकतात. ससाणे त्यांच्या मागावर असतात. अशा पक्ष्याला वरून अचानक येणारा हात म्हणजे झडप. घाबरला की तो पिसं अंगाशी चिकटवून, बारीक होऊन, गोठल्यासारखा बसतो. आपण म्हणतो, ‘बघ, हाताला घाबरत नाही!’

आजारी पक्षी दुखणं शक्य तितकं लपवतो, कारण अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या आधी नजरेत भरतो. त्यामुळे आपल्याला लक्षण दिसतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. दिवसभर फुगून बसणं, श्वासागणिक शेपूट वरखाली होणं, दोन्ही पाय टेकवून सतत झोपणं, तळाशी उतरून बसणं, ही धोक्याची चिन्हं आहेत. ‘बघू उद्या’ म्हणण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो. झोपण्याआधीची चोचीची करकर मात्र समाधानाची असते. मान वरखाली करत तो आरशाला दाणे भरवत असेल, तर ते प्रियाराधन आहे. आरशातल्या पक्ष्याला तो जोडीदार समजतोय. पण मान झटकत दाणे उडवत असेल आणि डोक्यावरची पिसं चिकट झाली असतील, तर ती उलटी आहे. हा फरक ओळखायला पदवी लागत नाही, फोन खाली ठेवून दहा मिनिटं बघावं लागतं.

यावर लोक म्हणतात, एवढ्याशा पक्ष्याचं काय एवढं? डॉक्टरची फी पक्ष्यापेक्षा जास्त होते! होते, खरं आहे. पण मग किंमत कमी म्हणून जीव स्वस्त, हे आपण मान्य केलं असं सरळ म्हणा. ‘पक्षी नाजूकच असतात’ ही सबब त्यापुढे जोडू नका. नीट सांभाळलेला बजी पाच ते दहा वर्षं जगू शकतो. आठवड्याभरात गेला की आपण दुसरा आणतो, म्हणून दुकानदारालाही आजारी पक्षी ‘शांत’ म्हणून विकायला काही वाटत नाही. त्याच्या धंद्याला आपलं अज्ञान चालतं, आणि माझंही चाललं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पक्षी आणण्याआधी पक्षी तपासणारा डॉक्टर शोधून ठेवा. कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत. पहिले काही दिवस त्याला हात लावू नका. पिंजरा भिंतीला टेकवा, जवळ बसा, हळू बोला. दाण्यांची वाटी भरलेली दिसली तरी फुंकर मारा, वर नुसती टरफलं असू शकतात. जंगली बजीचं वजन ३० ते ४० ग्रॅम, पाळीव थोडा जड असतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन घेऊन लिहून ठेवा, कारण ते फुगलेल्या पिसांखाली कधी घटलं ते कळत नाही. तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या धुरापासून आणि चालू पंख्यापासून त्याला लांब ठेवा. दोन्हींनी पक्षी मरतात.

आणि तो ओरडला, फडफडला, बोटाला चावला, तर रागावू नका. नको असलेली गोष्ट तो तुम्हाला स्पष्ट सांगतोय. माझ्या पहिल्या बजीने तेवढंही केलं नाही, आणि आम्ही त्याला गुणी म्हणालो.