विश्लेषण : सेटिंगची एक फाइल बदलली आणि इंटरनेट का अडले?

शेअर बाजार सुरू असताना ५ डिसेंबर २०२५ रोजी दुपारी सव्वादोनच्या सुमारास झिरोधा, ग्रो यांसारखी ॲप अडखळली. सौदा करायला बसलेल्यांना आधी स्वतःच्या वायफायची शंका आली. दोष मात्र ‘क्लाऊडफ्लेअर’ या अमेरिकी कंपनीच्या यंत्रणेत होता आणि तिथे तो सुमारे २५ मिनिटे राहिला. त्याआधी १८ नोव्हेंबरला याच कंपनीमुळे एक्स आणि चॅटजीपीटी कित्येक तास रखडले होते. दोन्ही वेळी हल्ला झाला नव्हता, समुद्राखालची केबलही तुटली नव्हती. चालू असलेल्या प्रोग्रॅमला नवी सेटिंग दिली गेली, ती त्याला पचली नाही, एवढेच.

प्रोग्रॅम बंद न करता सेटिंग का बदलतात?

बहुतेक प्रोग्रॅम सुरू होताना एक कॉन्फिगरेशन फाइल वाचतात. कोणाला आत घ्यायचे, किती वेळ थांबायचे, कोणते नियम लावायचे हे त्यात लिहिलेले असते. ही माहिती एकदा मेमरीत गेली की प्रोग्रॅम पुन्हा त्या फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. सेटिंग बदलायची तर तो बंद करून पुन्हा सुरू करायचा, हा सरळ मार्ग. पण लाखो लोक जोडलेले असताना सर्व्हर बंद करणे म्हणजे गर्दीच्या वेळी लोकल थांबवून इंजिन बदलणे. म्हणून धावत्या प्रोग्रॅमलाच नवी फाइल वाचायला लावण्याची सोय केली जाते.

बदल झाला हे त्याला कळते कसे?

सर्वात जुनी रीत युनिक्समधली. ‘सिगहप’ नावाचा इशारा मुळात फोनची लाइन तुटली, हे सांगण्यासाठी होता. पडद्यामागे चालणाऱ्या सेवांना अशी लाइनच नसते. मग रिकाम्या पडलेल्या या इशाऱ्याला ‘फाइल पुन्हा वाच’ असा अर्थ मिळाला, तो आजतागायत टिकला आहे. दुसरी रीत म्हणजे ठरावीक वेळाने फाइल तपासत राहणे. तिसरीत ऑपरेटिंग सिस्टीमच कळवते. लिनक्समध्ये २००५ पासून त्यासाठी ‘आयनोटिफाय’ ही सुविधा आहे. यातही एक खोच असते. फाइल अर्धी लिहून झालेली असतानाच प्रोग्रॅमने ती वाचली तर? म्हणून जाणकार मंडळी नवा मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये पूर्ण लिहितात आणि मग नाव बदलून ती एका झटक्यात जुनीच्या जागी आणतात.

‘एन्जिनएक्स’ हा वेब सर्व्हर हे काम नीट करतो. इशारा मिळताच मुख्य प्रोसेस नवी फाइल तपासते. चूक असेल तर जुन्याच सेटिंगवर काम सुरू राहते. सारे ठीक असेल तर नवे ‘वर्कर’ उभे राहतात आणि जुने आपल्या हातातली कामे संपवून निवृत्त होतात. ग्राहकाला पत्ताही लागत नाही.

मग १८ नोव्हेंबरला काय बिघडले?

नेमकी हीच ‘चूक असेल तर जुने चालू ठेव’ ही पायरी निसटली. माणूस कोण आणि बॉट कोण हे ओळखण्यासाठी क्लाऊडफ्लेअर एक फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने तयार करून जगभरच्या सर्व्हरना पाठवत असे. त्या दिवशी डेटाबेसच्या परवानग्यांत बदल झाला आणि माहिती दोनदा येऊ लागली. फाइल दुपटीने फुगली. ती वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये २०० वैशिष्ट्यांची मर्यादा होती. मर्यादा ओलांडल्यावर काय करायचे हे न ठरवल्याने तो कोसळला.

गंमत म्हणजे (त्या दिवशी कोणाला ती गंमत वाटली नसावी) डेटाबेसचा काही भागच बदलला असल्याने कधी चांगली फाइल निघे, कधी वाईट. सेवा सावरे आणि पुन्हा पडे. त्यामुळे अभियंत्यांना आधी मोठ्या सायबर हल्ल्याचा संशय आला. त्यातच बाहेरच्या यंत्रणेवर असलेले कंपनीचे सेवास्थितीचे पानही योगायोगाने बंद पडले. अखेर नव्या फाइली थांबवून जुनी, चांगली फाइल हाताने बसवली गेली. भारतीय वेळेनुसार दुपारी ४.५० ला सुरू झालेला गोंधळ रात्री आठच्या सुमारास बराचसा निवळला. पूर्ण सावरायला साडेदहा वाजून गेले.

असे आधीही घडले होते?

हो. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राऊडस्ट्राइक’च्या सुरक्षा प्रणालीत अशीच एक फाइल गेली. तिच्यासाठी २१ रकाने अपेक्षित होते, प्रोग्रॅमकडे आले २०. ७८ मिनिटांत ती मागे घेतली गेली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसले. १२ जून २०२५ रोजी गुगल क्लाऊडमध्ये रिकामे रकाने असलेले एक धोरण काही सेकंदांत जगभर पसरले. ते वाचणारा प्रोग्रॅमही कोसळला.

या सर्वांत एक सवय समान दिसते. प्रोग्रॅमचा नवा कोड आधी मोजक्या यंत्रांवर, मग टप्प्याटप्प्याने जातो. सेटिंगला मात्र ‘ती तर नुसती माहिती’ म्हणून एकदम सगळीकडे सोडले जाते. प्रोग्रॅमच्या दृष्टीने हा फरक खोटा आहे: वागणूक दोन्हींनी बदलते.

तरीही घाई का?

५ डिसेंबरची हकिकत यासाठी बोलकी आहे. ‘रिॲक्ट’ या लोकप्रिय सॉफ्टवेअरमधली गंभीर त्रुटी नुकतीच उघड झाली होती आणि ग्राहकांच्या संरक्षणासाठी क्लाऊडफ्लेअर बदल करत होती. तो मुख्य बदल टप्प्याटप्प्यानेच चालला होता. पण एक अंतर्गत चाचणी साधन त्यात अडथळा आणत होते. ते बंद करण्याची सूचना सेकंदांत जगभर जाणाऱ्या वाटेने पाठवली गेली आणि जुन्या कोडमधला झोपलेला दोष जागा झाला. कंपनीच्या सुमारे २८ टक्के वेब वाहतुकीला फटका बसला.

त्यानंतर कंपनीने सेटिंगमधले बदलही कोडप्रमाणे टप्प्याने सोडण्याची योजना जाहीर केली. हल्ला रोखणारा नियम मात्र ग्राहकांना तासाभराने नव्हे, सेकंदांत हवा असतो. तेव्हा कोणत्या फाइलला ही जलद वाट खुली ठेवायची, याची यादी प्रत्येक कंपनीला स्वतःच करावी लागणार आहे.