वारशाने आलेला अल्बम

वडिलोपार्जित संपत्ती म्हटली की शेत, वाडा, दागिने यांचीच आठवण होते. परंतु कित्येक घरांत आजोबा-पणजोबांच्या मागे टपाल तिकिटांचा एखादा जाड अल्बमही राहिलेला असतो. त्याची पाने पिवळी पडलेली असतात, आणि कोणते तिकीट कोठून आले हे सांगणारा मनुष्य हयात नसतो. अशा वेळी घरात दोन मते निघतात. एक जण म्हणतो, "जुनी तिकिटे आहेत, लाखांचा माल असेल, गिऱ्हाईक पाहा." दुसरा म्हणतो, "वडीलधाऱ्यांच्या आठवणीची किंमत काय करायची? पेटीत ठेवून द्या." मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. अल्बमची किंमत अवश्य काढावी, मात्र ती नीट अभ्यास करून काढावी. आणि हे काम घरातील मुलांनी आपल्याकडे घ्यावे, असे माझे मत आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की 'जुने ते सोने' ही म्हण तिकिटांना सरसकट लागू पडत नाही. जगातील पहिले चिकटवायचे टपाल तिकीट इंग्लंडात मे १८४० मध्ये निघाले. त्याचा रंग काळा आणि किंमत एक पेनी. त्याच्याहून जुने तिकीट नाही. तरीही ते दुर्मिळांत दुर्मिळ नव्हे, कारण त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती छापल्या गेल्या होत्या. आता आपल्या बाजूचे उदाहरण पाहा. सिंध प्रांतात १८५२ साली अर्ध्या आण्याचे 'सिंध डाक' तिकीट निघाले. १८५४ साली साऱ्या हिंदुस्थानासाठी नवी तिकिटे आली आणि सिंधचे तिकीट बंद झाले. वयाने ते इंग्लंडच्या तिकिटाहून बारा वर्षांनी लहान. पण त्याचे आयुष्य थोडे, म्हणून ते कितीतरी अधिक दुर्मिळ ठरले. तिकीट किती जुने आहे यापेक्षा ते किती थोडे उरले आहे आणि ते हवे असणारे लोक किती आहेत, यावर त्याची किंमत ठरते.

कधी एका शब्दानेही मोठा फरक पडतो. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, महात्मा गांधींची चार तिकिटे निघाली. त्यांतील दहा रुपयांच्या तिकिटाच्या शंभर प्रतींवर सरकारी वापरासाठी 'सर्व्हिस' हा शब्द इंग्रजीत छापण्यात आला. या शंभरांपैकी चार तिकिटांची एक पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. असे ऐकले म्हणजे लबाडांच्याही तोंडाला पाणी सुटते. यास्तव असा शब्द आपल्या अल्बममध्ये दिसला, तर हर्ष होण्याआधी शंका यावी. तो छापखान्यात उमटला की मागाहून कोणी उमटवला, हे जाणत्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे.

उलटपक्षी, घाईने विकणाऱ्याची काय गत होते तेही पाहा. दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गियाना या वसाहतीत १८७३ साली बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलाला घरातील जुन्या कागदपत्रांत एक सेंटचे तिकीट सापडले. कोपरे कापलेले, लालसर, दिसायला सामान्य! त्याने ते सहा शिलिंगांना देऊन टाकले. ते १८५६ चे होते, आणि आज जगात त्याचा तो एकच नमुना ज्ञात आहे. न्यूयॉर्कच्या लिलावात २०१४ साली त्याला सुमारे पंचाण्णव लाख डॉलर मिळाले. पण गोष्ट येथेच संपत नाही. सात वर्षांनी, २०२१ साली, तेच तिकीट सुमारे त्र्याऐंशी लाख डॉलरांना गेले. तिकीट तेच, पण किंमत उतरली. बाजारभाव हा असा पावसाळी नदीसारखा असतो. त्याच्या भरवशावर घराचे मनोरे रचू नयेत.

ही दूरची उदाहरणे झाली. आता आपल्या मुलखातील अल्बम उघडू. आमची फुलंब्री छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला जाणाऱ्या रस्त्यावर वसलेली आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे टपालखाते वेगळे, तिकिटेही वेगळी. संस्थानात पत्र पाठवायचे तर निजामाचे तिकीट चाले. पुण्या-मुंबईच्या नातलगांना लिहायचे तर ते चालत नसे. त्यांतील जुनी तिकिटे भिंगाखाली धरली, तर फारसी लिपीच्या सोबतीला देवनागरी अक्षरेही दिसतात. १९३१ पासूनच्या मालेत आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आहे आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा चांदमिनार. पुढे १९५० साली निजामाचे टपाल भारतीय टपालात विलीन झाले आणि ही तिकिटे चलनातून गेली. तत्पूर्वी, १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताने काढलेल्या मालेत तीन पैंच्या तिकिटावर पुन्हा अजिंठाच झळकला होता. ही दोन तिकिटे शेजारी ठेवली, म्हणजे आपल्या जिल्ह्यावरील राज्य कसे पालटले ते डोळ्यांनी पाहता येते. मात्र निजामाची सगळीच तिकिटे महाग असतात, असा समज करून घेऊ नये. त्यांतील पुष्कळ तिकिटे आजही अल्प किमतीत मिळतात.

किंमत काढायची कशी? प्रथम अल्बममधील एकही तिकीट उपटू नये, धुऊ नये, फाटलेल्यास चिकटपट्टी लावू नये. तिकीट बोटांनी न धरता चिमट्याने धरावे. मग वहीत यादी करावी: देश, साल, दर्शनी किंमत, रंग, कडेचे दाते शाबूत आहेत काय, कागदात जलचिन्ह आहे काय, पाठीवर मूळचा डिंक आहे काय, शिक्का स्वच्छ आहे काय. तिकीट पाकिटावरच असेल, तर पाकीट कापू नये. गावाचा शिक्का आणि तारीख यांमुळे कित्येकदा तिकिटापेक्षा पाकिटालाच अधिक मोल येते. यादी झाली की कॅटलॉग पाहावा. स्टॅन्ले गिबन्स या इंग्रज व्यापाऱ्याने १८६५ साली आपली पहिली किंमतसूची काढली. त्यांचे कॅटलॉग आजही वापरले जातात. पण त्यात छापलेली किंमत ही चांगल्या नमुन्याची, व्यापाऱ्याने विकण्याची किंमत असते. विकणाऱ्याच्या हाती त्याहून पुष्कळ कमी पडते. म्हणून एकाच व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये, आणि यादी केल्यावाचून अल्बम कोणाच्याही हवाली करू नये.

एवढी खटपट करून पुष्कळ घरांत काय निष्पन्न होईल? बहुधा एखाद्या नव्या सायकलीइतकीही रक्कम निघणार नाही. हे ऐकून हिरमुसण्याचे कारण नाही. खरी रक्कम कळली म्हणजे भावाभावांत 'लाखांच्या अल्बम'वरून तंटा माजत नाही, आणि तो रद्दीवाल्याच्या काट्यावरही चढत नाही. शिवाय यादी करणाऱ्या मुलाला या काळात आणखी काही हाती लागते. आजोबांनी हैदराबादेच्या तिकिटांना स्वतंत्र पान का दिले, आफ्रिकेतील एका तिकिटाखाली कोणत्या मित्राचे नाव लिहिले, कोणती जागा अखेरपर्यंत मोकळी सोडली, हे त्याला कळू लागते.

अल्बम विकूच नये, असे माझे म्हणणे नाही. घरात खरी गरज असेल, किंवा त्याची निगा राखणारा कोणी नसेल, तर तो एखाद्या जाणत्या संग्राहकाकडे जावा, हेच बरे. पण निर्णय घरातील सर्वांनी मिळून आणि माहितीच्या आधारे घ्यावा. अल्बम नुसता हाती आल्याने कोणी वारस होत नाही. त्यातील पान न् पान जो ओळखतो तोच वारस. तेव्हा तुमच्या घरी असा अल्बम असेल, तर येत्या सुट्टीत घरच्या मोठ्यांची परवानगी घ्या, हात स्वच्छ धुवा आणि पहिल्या पानापासून यादीला प्रारंभ करा.