एकटें राहिलेलें बदक

आमच्या एका वर्गणीदारांचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्यांच्या परसांत दहा-बारा गांवठी कोंबड्या, एक कोंबडा आणि खाकी कॅम्बेल जातीचीं सहा बदकें होतीं. श्रावणांतील एका पावसाळी रात्रीं खुराड्याची खालची फळी सैल राहिली, रानमांजर आंत शिरलें, आणि सकाळीं सहांपैकीं एकच मादी जिवंत सांपडली. कोंबड्या वर दांडीवर बसलेल्या असल्यामुळें वांचल्या. तेव्हांपासून हें बदक डबक्यावर जात नाहीं, अंडें देत नाहीं, दिवसभर कोंबड्यांच्या मागें मागें फिरतें, कोंबडा टोंचतो तरी हटत नाहीं, आणि दिवेलागणीस विहिरीच्या थारोळ्याजवळ उभें राहून घसा बसेपर्यंत ओरडतें. शेवटीं ते विचारतात कीं, घरांत दोन मतें पडलीं आहेत. मातोश्री म्हणतात, त्यास जोडीदार आणावा. बंधु म्हणतात, एका बदकासाठीं बाजार धुंडाळणें हें खूळ होय. नवरात्र बसण्यापूर्वीं तें कापून मोकळें व्हावें. आपलें मत काय?

आमचें मत मातोश्रींच्या बाजूचें आहे. मात्र "जोडीदार" हा शब्द आम्हांस मान्य नाहीं, आणि या एका शब्दामुळें पुष्कळ परसांतून पुढें घोटाळे होतात. म्हणून थोडा विस्तार करणें भाग आहे.

चक्रवाकाचें जोडपें रात्रीं नदीच्या दोन तीरांवर विरहानें आक्रोश करतें, असें संस्कृत कवींनीं वर्णून ठेविल्यापासून बदक म्हटलें कीं आपल्या मनांत नवराबायको उभीं राहतात. चक्रवाक म्हणजे ब्राह्मणी बदक. हिवाळ्यांत नांदूर मधमेश्वरच्या किंवा उजनीच्या पाण्यावर तें जोडीजोडीनें दिसतें, हें खरें आहे. परंतु परसांतल्या बदकाचा वंश निराळा. मस्कोव्ही ही एक जात वगळली, तर जगांतील सर्व पाळीव बदकें उत्तरेकडील एका रानबदकापासून निपजलीं आहेत; त्या रानबदकाच्या नराचें डोकें हिरवें चकचकीत असतें. त्याची जोडी जमते ती एका हंगामापुरती. मादी अंड्यांवर बसली कीं नर तिला सोडून दुसऱ्या नरांच्या घोळक्यांत निघून जातो. वर्षभर त्यांस आधार असतो तो थव्याचा. माणसानें पाळल्यावर जोडीचा बंध आणखी सैल झाला. थव्याची ओढ मात्र तशीच राहिली. तेव्हां थारोळ्याजवळ ओरडणारी ही मादी नवऱ्यासाठीं रडत नाहीं. ती हरवलेल्या थव्यास साद घालीत आहे.

हा थवा म्हणजे बदकाची केवळ करमणूक नव्हे. अमेरिकेंतील इंडियाना येथील संशोधकांनीं १९९९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं बदकें एका ओळींत झोंपूं दिलीं. मधलीं बदकें दोन्ही डोळे मिटून झोंपत. दोन टोंकांचीं बदकें पुष्कळ वेळां एक डोळा उघडा ठेवून झोंपत, आणि तोही बाहेरच्या बाजूचा. त्या वेळीं त्यांचा अर्धा मेंदू जागा असे. म्हणजे थव्याच्या मध्यभागीं ज्यास जागा मिळते तेंच बदक निर्धास्त झोंपतें. एकट्या बदकास मधली जागा कोठून मिळणार? ज्याचे पांच सोबती एका रात्रींत गेले त्याची झोंप कशी असेल, हें आम्हीं वर्णन करून सांगावयास नको. अंडीं बंद होण्यास अशी धास्ती पुरेशी आहे. पिसें झडण्याचा काळ असेल तर तेंही एक कारण असूं शकेल, एवढें पत्रकर्त्यांनीं पाहून घ्यावें.

आतां बंधूंच्या म्हणण्याविषयीं. जोडींतील एक बैल गेल्यावर दुसरा दावणीस मान टाकून कडब्याला तोंड लावीत नाहीं, हें आमच्या वाचकांपैकीं कोणीं पाहिलें नाहीं? त्या वेळीं आपण त्यास खूळ म्हणत नाहीं. बैल कामाचा म्हणून म्हणत नाहीं, असें कोणी म्हणेल. तर बदकाचाही हिशेब करूं. खाकी कॅम्बेल ही जात इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत कॅम्बेल नांवाच्या एका बाईंनीं १९०० च्या सुमारास तयार केली. निगा चांगली असेल तर ती वर्षास तीनशेंच्या घरांत अंडीं देते. परसांत इतकीं मिळत नाहींत हें कबूल. तरी गांवठी कोंबडीच्या मानानें पुष्कळच, आणि अंडेंही मोठें. शिवाय बदकें चिखलांतल्या गोगलगायी वेंचून खातात. गुरांच्या काळजांत होणारे चपटे जंत ज्या पाणगोगलगायींच्या शरीरांत वाढतात त्या कमी करण्याचा, पाणथळ कुरणाजवळ राहणारांस, याहून सोपा उपाय नाहीं. परंतु पत्रकर्त्यांचें बदक समजा म्हातारें असलें, अंडें यापुढें देणारच नसलें, तरी आमचें मत फिरणार नाहीं. बदक आठ-दहा वर्षेंही जगूं शकतें. तें कापणें हा क्रूरपणा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आमचे बहुतेक वाचक पांखरें खाण्यासाठींच पाळतात. पण कापावयाचेंही नाहीं आणि सोबतही द्यावयाची नाहीं, असें चार-पांच वर्षें त्यास थारोळ्याशीं ओरडत ठेवणें हें कापण्याहून वाईट आहे, आणि बहुतेक घरीं घडतें तें हेंच.

"कोंबड्या आहेतच कीं सोबतीला" हें उत्तर आम्ही अनेकदां ऐकलें आहे. कोंबडीखालीं उबविलेल्या बदकाच्या बाबतींत त्यांत कांहीं तथ्य आहे. खुडूक कोंबडीखालीं बदकाचीं अंडीं ठेवण्याची चाल जुनी आहे. तिला एकवीसांऐवजीं अठ्ठावीस दिवस बसावें लागतें, मग पिल्लें पाण्यांत शिरलीं म्हणजे ती काठावर कासावीस होऊन फिरते. अशीं पिल्लें डोळे उघडल्यावर प्रथम जें हलतांना दिसतें त्यास आई मानतात. ऑस्ट्रियांतील कोनराड लोरेंझ यांनीं १९३५ सालीं या गोष्टीचें सविस्तर विवेचन केलें आणि पुढें १९७३ सालीं ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. अशा बदकास कोंबड्यांत परकें वाटत नाहीं. परंतु जें बदकांतच वाढलें त्याचें काय? कोंबडी कोरडी माती उकरते, बदक चिखल चाळतें. कोंबडी अंधार पडतांच दांडीवर चढते. बदकास चढतां येत नाहीं, म्हणून तें खालीं बसतें आणि रात्रभर वरची विष्ठा अंगावर घेतें. पाण्याच्या भांड्यांत चोंच बुडवून बदक सगळीकडे ओल करतें, आणि त्या ओलीनें खुराड्यांतील भुसा कुजून कोंबड्यांच्या पिल्लांस हगवण लागते. दोघांचाही यांत दोष नाहीं. कोंबड्यांची सोबत ही अगदींच कोणी नसण्यापेक्षां बरी, इतकेंच तिच्याविषयीं म्हणतां येईल. आरसा ठेवावा असेंही कोणी सुचवितात. चार दिवसांची सोय म्हणून ठेवावा. आरसा रात्रीं अंगास अंग लावून बसत नाहीं.

आतां नर आणावा काय? येथेंच "जोडीदार" हा शब्द घात करतो. एका नरास पांच-सहा माद्या असाव्यात, असा पाळणारांचा सर्वसाधारण नियम आहे. एकाच मादीबरोबर नर ठेविला तर तो तिला उसंत देत नाहीं. मानेवरचीं पिसें उपटून कातडी उघडी पडते. याहून मोठा धोका कोंबड्यांस आहे. कोंबड्याला मैथुनाचें लांब इंद्रिय नसतें. नर बदकास तें असतें, व तें स्क्रूसारखें पिळदार असतें. पुरेशा माद्या न मिळाल्या कीं तो कोंबड्यांवर जातो, आणि त्यांस आंतून इजा होऊन त्या दगावतात. हें लिहितांना संकोच वाटतो. पण संकोचानें न लिहिल्यास एखाद्याच्या चार कोंबड्या कारण न कळतां मरतील. अंड्यांसाठीं नर लागत नाहीं. पिल्लें हवीं असतील तरच लागतो. निर्जीव अंडीं उलट उन्हाळ्यांत जास्त टिकतात.

म्हणून आमचा सल्ला असा कीं, पत्रकर्त्यांनीं नर आणूं नये, एक मादीही आणूं नये. दोन तरुण माद्या आणाव्यात. एक आणली तर त्यांपैकीं एक मेल्यावर पुन्हां हेंच पत्र आम्हांस येईल. अगदीं लहान पिल्लें घेऊं नयेत. तीं मोठ्या बदकाबरोबर लगेच ठेवतां येत नाहींत, आणि त्यांत नर किती हें विकणाराही सांगूं शकत नाहीं. दोन-तीन महिन्यांचें पांखरूं हातांत धरून पाहावें: मादी मोठ्यानें, स्पष्ट ओरडते, नराचा आवाज दबका व घोगरा असतो. पुढें नराच्या शेपटीवर वर वळलेलें पीसही येतें, पण तोंपर्यंत थांबण्याची जरुरी नाहीं. बाजारांत "दोन्ही माद्याच" म्हणून शपथेवर दिलेल्या जोडींत पुढें एकाच्या शेपटीस पीस वळलेलें आम्हीं पाहिलें आहे. म्हणून शपथेपेक्षां कानांवर विश्वास ठेवावा. मस्कोव्ही सोबत म्हणून घेऊं नये. तिचा नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा होतो, आणि साध्या बदकाशीं तिचा संकर झाला तर संतति वांझ निपजते.

सर्वांत अधिक चुका होतात त्या पुढच्या पायरीवर. एकटें बदक पाहून जीव कळवळतो, मनुष्य बाजारांतून दोन बदकें आणतो आणि त्याच संध्याकाळीं खुराड्यांत सोडतो. दहा दिवसांनीं सोबत देणारेंही नाहीं आणि घेणारेंही नाहीं. बदकांचा मरीचा रोग विषाणूचा आहे. तो १९२३ सालीं हॉलंडांत प्रथम नोंदला गेला, आणि आपल्या देशांतही तो आहे. त्यावर लस मिळते. तिच्याविषयीं जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत चौकशी करावी. मानमोडीचा विषाणू अंगांत असूनही बदक धडधाकट दिसूं शकतें, आणि शेजारच्या कोंबड्या मात्र माना वळवून मरतात. बर्ड फ्लूचेंही तसेंच. २००६ सालच्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें तो देशांत प्रथम आढळला, तेव्हां लाखों कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०१४ सालीं केरळांत कुट्टनाडच्या बदकांत तो शिरला. आसपास कोठें पांखरें मरत असल्याची वार्ता असेल तर खरेदीचा विचार त्या हंगामापुरता सोडून द्यावा, मग बदक कितीही ओरडो. एरव्हीं नवीं पांखरें तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूस, निराळ्या भांड्यांवर ठेवावीं, त्यांचें काम दिवसांत शेवटीं करावें, आणि करून झाल्यावर हातपाय धुवावे. जुन्या बदकास त्यांचा आवाज ऐकूं येईल, तेवढ्यावरही तें अर्धें शांत होतें.

तीन आठवडे सुखरूप गेले कीं मध्यें जाळी ठेवून तीन-चार दिवस त्यांस एकमेकांस पाहूं द्यावें, आणि नंतर सकाळीं मोकळ्या जागेंत, पाण्याचीं दोन घमेलीं ठेवून, एकत्र सोडावें. पाण्यांत नाकपुड्यांसह चोंच बुडाली पाहिजे, कारण बदकास नाक धुवावें लागतें. पहिल्या दिवशीं जुनी मादी पाठलाग करील, मान धरून ओढील. रक्त निघत नाहीं तोंवर मध्यें पडूं नये. रात्रीं तिघींस कोंबड्यांच्या दांडीखालीं न ठेवतां बाजूस पेंढा घालून निराळा घट्ट कप्पा करावा. खाण्यांत कणी, कोंडा व हिरवा पाला चालेल. भुईमुगाची पेंड मात्र वास घेऊन, फोडून पाहून द्यावी. बुरशी लागलेल्या पेंडीचें विष बदकाच्या पिल्लांस इतर बहुतेक पांखरांपेक्षां लवकर बाधतें. १९६० सालीं इंग्लंडांत ब्राझीलहून आलेल्या अशाच पेंडीनें लाखाहून अधिक टर्की पिल्लें मेलीं, त्या वेळीं बदकांचीं पिल्लेंही मेलीं होतीं.

हें सर्व करण्यास ज्यांस सवड नाहीं त्यांनीं आपलें बदक ज्याच्याकडे चार बदकें आहेत त्यास देऊन टाकावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. उलट शाळेंतल्या मुलास खेळावयास म्हणून जत्रेंतून एकच पिल्लूं उचलून आणणारांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, त्यांनीं तें आणूंच नये. तें पिल्लूं मुलाच्याच मागें लागतें, आणि मूल शाळेंत गेल्यावर दिवसभर दाराशीं बसून राहतें.

संस्थेच्या ज्या सभासदांकडे खाकी कॅम्बेल जातीच्या, घरींच वाढलेल्या आणि लस टोंचलेल्या दोन तरुण माद्या देण्यासारख्या असतील त्यांनीं कृपा करून कचेरीस कळवावें. आम्ही पत्रकर्त्यांशीं गांठ घालून देऊं. किंमत उभयतांनीं आपसांत ठरवावी. खुराड्याची फळी पत्रकर्त्यांनीं एव्हांना दुरुस्त केली असेल, असें आम्ही धरून चालतों.