डिसेंबरची गाडी, जानेवारीचा भाव

मंडईत शिरताना भाजीवालीला सांगावे, "मावशी, मेथीच्या दोन जुड्या बाजूला काढून ठेवा, येताना नेतो." तासाभरात मेथी दुप्पट महागली तरी मावशी त्या दोन जुड्या जुन्याच भावाने देतात. वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकतात. यासाठी त्यांनी माझ्याकडून अकरा हजार रुपये आगाऊ घेतलेले नसतात, की चार ठिकाणी सह्या घेतलेल्या नसतात.

मोटारवाल्यांनी दोन्ही घेतले होते. २०२३ च्या दसऱ्याला आम्ही गाडी नोंदवली. "सहा ते आठ आठवडे, काका," टाय लावलेला मुलगा म्हणाला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आठ आठवडे भरले. मग रोज फोनवर उत्तर एकच, "गाडी वाटेत आहे, काका." आषाढीची वारीसुद्धा इतके दिवस वाटेत नसते. शेवटी जानेवारी उजाडला आणि गाडीच्या आधी निरोप आला : कंपनीने भाव वाढवले, आणखी १८,००० भरा. त्यावर ११ टक्के रस्ताकर, म्हणजे १,९८० रुपये वेगळे. रस्ता तोच, खड्डे तेच, कर मात्र वाढीव.

"म्हणजे उशीर त्यांनी करायचा आणि दंड आपण भरायचा?" आमच्या हिने विचारले. या प्रश्नाचे उत्तर मोटारविक्रीच्या धंद्यात अजून कोणी दिलेले नाही. त्याऐवजी फॉर्म दाखवतात. त्यात मुंगीने भिंग लावून वाचावी अशा टायपात एक ओळ असते : डिलिव्हरीच्या दिवशी चालू असलेली किंमत लागू राहील. ती मी सही करण्यापूर्वीच वाचली होती आणि विचारलेही होते. "ते सगळीकडेच असतं, काका," मुलगा म्हणाला. अगदी खरे बोलला बिचारा. समोरच्या शोरूममध्येही तीच ओळ, तीच मुंगी. मग माझ्या सहीला संमती म्हणायचे की शरणागती?

खरी मौज पुढेच आहे. भाव का वाढले, तर म्हणे पोलाद महागले. वाढू दे बापडे! पण नोंदणीच्या पुस्तकात गाडीचा जन्ममहिना लिहिलेला असतो आणि आमच्या गाडीचा निघाला डिसेंबर २०२३. म्हणजे पोलाद जुने, मजुरी जुनी, भाव तेवढा नवा. उद्या हीच गाडी विकायला काढली की हेच लोक चष्मा पुसून म्हणतील, "काका, मॉडेल तेवीसचं आहे, भाव कमी येणार." घेताना ती चोविसाची, विकताना तेविसाची!

कोणी म्हणेल, भाव उतरतातही की. उतरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ताटकळलेल्यांचे भले झाले. पण तो सरकारचा कर. व्यवहार ठरल्यानंतर कर वाढला तर गिऱ्हाइकाने द्यावा, घटला तर त्याला सोडावा, अशी दुहेरी सोय १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यातच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती कंपनीने आपल्या मर्जीने वाढवलेल्या आकड्याबद्दल. गाडी कधी द्यायची हे ज्याच्या हातात, भाव कधी वाढवायचा हेही त्याच्याच हातात. आमच्या हातात फक्त पावती. हरियाणातल्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर नोंदवला होता. त्याचा नंबर डावलून ट्रॅक्टर दुसऱ्यांना दिले आणि मग त्याच्याकडे वाढीव किंमत मागितली. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली. पण अठरा हजारांसाठी दिल्ली गाठायची म्हणजे नारळापेक्षा हमालीच जड!

पूर्वी स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. तेव्हा माल नव्हता, इलाज नव्हता. आता दसऱ्याला फुगे बांधून, पेढे वाटून गिऱ्हाइकाला हाताला धरून आत नेतात. मग त्या फॉर्मवर आणखी एक ओळ छापा : कबूल केलेल्या तारखेनंतर गाडी आली, तर वाढलेला भाव आमच्याकडे लागला. ठळक टायपात छापा. शाईचे पैसे हवे तर ॲक्सेसरीजमध्ये लावा, नाहीतरी पायपुसण्याचे साडेतीन हजार लावलेच आहेत.