अंतरिम आवृत्तीचे शहाणपण

ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ‘इंटरनेट आर्काइव्ह’ हे अवाढव्य डिजिटल ग्रंथालय काही दिवस बंद पडले आणि एकाच संस्थेच्या सर्व्हरवर विसंबलेले ज्ञान किती असुरक्षित असते, याची प्रचीती आली. फायलींच्या प्रती अनेक संगणकांवर असाव्यात व त्यांनी त्या परस्परांना थेट पुरवाव्यात, हा ‘पीअर-टू-पीअर’ उपाय पाव शतकापासून ज्ञात आहे. परंतु शोध, गोपनीयता आणि केंद्रापासून संपूर्ण मुक्ती हे सारे एकदम साधण्याचा आग्रह धरला, तर असे सॉफ्टवेअर कागदावरच राहते. ग्रंथालयांसाठी आधी एक साधी, अंतरिम आवृत्ती काढणेच श्रेयस्कर होय.

इतिहासाची साक्षही हीच आहे. २००० मध्ये आलेल्या ‘नुटेला’ने केंद्रच नाकारले, पण प्रत्येक चौकशी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पसरत असल्याने, वापरणारे वाढताच ते जाळे चौकश्यांच्या भाराखाली मंदावले. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये ‘बिटटोरंट’ आणले ते मर्यादा ओळखून. शोधाचे काम त्यांनी अंगावर घेतलेच नाही. फाईल कोणाकोणाकडे आहे हे सांगणारा ‘ट्रॅकर’ त्यांनी मध्यवर्तीच ठेवला. फायलीचे तुकडे करणे, ते पडताळणे आणि घेणाऱ्यालाच देणारा बनवणे, एवढ्यावरच भर दिला. ट्रॅकरवाचून चालण्याची सोय २००५ मध्ये झाली. तोवर लिनक्सच्या अवजड प्रती त्याच ‘अपुऱ्या’ साधनाने जगभर पोचत होत्या.

इंटरनेट आर्काइव्ह २०१२ पासून टोरंट देत आहे, हे खरे. पण टोरंट उपलब्ध असणे आणि प्रत सांभाळण्याची जबाबदारी कोणी पत्करणे, या भिन्न गोष्टी आहेत. म्हणून बिटटोरंटच्याच पायावर तीन कामे करणारे साधन पुरे: स्वामित्वहक्कमुक्त ग्रंथांची यादी, कोणत्या ग्रंथालयाकडे कोणती प्रत आहे याची नोंद आणि त्या प्रतींची नियमित पडताळणी. नोंदवही मध्यवर्ती असली तरी ती लहान असेल. तिची नक्कल प्रत्येकाला ठेवता येईल.

तात्पुरते तेच कायमचे होऊन बसते, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी दोन अटी हव्यात. पुढील आवृत्तीला आजच्याच फायली व नोंदी स्वीकारता आल्या पाहिजेत. आणि या साधनात सहभागी संगणकाचा पत्ता इतरांना दिसतो, हे प्रथमच स्पष्ट सांगितले पाहिजे. उणिवा सांगून दिलेले साधन सुधारता येते. न दिलेल्या साधनाने मात्र एकही ग्रंथ वाचत नाही.