वेगाआधी तोल

खडकाळ ओढ्यात एक स्वार पायदाणांवर ताठ उभा असतो. गाडीला बसायला सीट जवळपास नाहीच. दोन दगडांमध्ये ती क्षणभर जागीच थबकते, पुढचे चाक उचलले जाते आणि गाडीसह माणूस छातीएवढ्या कातळावर चढतो. ही ट्रायल. पाय एकदा टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, गाडी पडली तर पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो विजेता. स्पेनचा टोनी बोऊ २००७ ते २०२४ अशी सलग अठरा वर्षे यात जगज्जेता ठरला, तेही बहुतेक वेळ माणसाच्या चालीने गाडी हाकत.

आपल्याकडे मात्र ‘बाइकची रेस’ म्हणजे मोकळा बायपास आणि पिळलेला थ्रॉटल. हा समज पोरांच्या जिवावर उठतो, म्हणून तो मोडायला हवा.

मोटोजीपीच घ्या. २०२३ मध्ये मुजेलोला ब्रॅड बाइंडरने ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग गाठला, पण शर्यतीचा निकाल बहुधा वळणावर लागतो: कोण उशिरा आणि तरीही नेमका ब्रेक दाबतो, यावर. स्पीडवेत तर ब्रेकच नसतो. मातीच्या लंबगोल मैदानात चौघे स्वार, ५०० सीसीची गाडी, एकच गिअर, चार फेऱ्या. मागचे चाक घसरवत वळायचे आणि घसरण्यातूनच वेग आवरायचा.

डकार रॅलीत आणखी वेगळी कसोटी लागते. रोडबुकमधल्या खुणा, अंतर आणि दिशा वाचत वाळवंटात वाट शोधायची. वाट चुकली की मिळवलेला वेग वाया. बंगळुरूच्या सी. एस. संतोषने २०१५ मध्ये ही रॅली पूर्ण केली; असे करणारा तो पहिला भारतीय. २०२४ मध्ये केरळचा हरित नोआ एकूण क्रमवारीत अकरावा आला आणि ‘रॅली २’ गट त्याने जिंकला. हरित घडला तो मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारायच्या सुपरक्रॉसमध्ये.

रस्त्यावरची शर्यतही जगात आहे. आइल ऑफ मॅनवर वाहतूक बंद करून, एकेका स्वाराला काही सेकंदांच्या अंतराने सोडतात. इतकी काळजी घेऊनही १९११ पासून तिथल्या माउंटन कोर्सवर अडीचशेहून अधिक स्पर्धक दगावले. आपल्या बायपासवर तर समोरून ट्रक येत असतो.

चाकणच्या कारखान्यात केटीएमच्या गाड्या बनतात. २००१ ते २०१९ या काळात झालेली प्रत्येक डकार मोटरसायकल गटात याच कंपनीने जिंकली. असल्या गाड्या आपण पोरांच्या हाती देतो, पण त्या शिकायची जागा देत नाही. २०२४ च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात झाली. मात्र एका संध्याकाळच्या सोहळ्याने स्वार तयार होत नाहीत.

बैलगाडा शर्यतीसाठी गावे घाट राखतात, दुरुस्त करतात. तशीच दोन-तीन एकर जागा प्रत्येक जिल्ह्याने डर्ट ट्रॅकसाठी द्यावी. माती, रोलर, कुंपण, जाणता प्रशिक्षक, दाराशी रुग्णवाहिका आणि हेल्मेटशिवाय प्रवेश नाही. पहिले सहा महिने तिथे फक्त ट्रायल शिकवावी. पाय न टेकता दहा दगड ओलांडता आले, की मग पोरांना पहिल्या उंचवट्याकडे सोडावे.