तेथे पाहण्यासारखे काय आहे?

गेल्या भीमजयंतीच्या पूर्वतयारीसाठी झालेल्या बैठकीत आम्ही एक साधी सूचना मांडली होती. उन्हाळी सुट्टीत मायदेशी जाणाऱ्या कुटुंबांनी एखाद-दोन दिवस राखून ठेवावेत आणि लोककवी वामनदादा कर्डक यांचे जन्मगाव देशवंडी, तसेच त्यांची जडणघडण जेथे झाली ती मुंबईतील शिवडीची बी. डी. डी. चाळ, या दोन ठिकाणांना मुलाबाळांसह भेट द्यावी, एवढीच ती सूचना होती. तिला विरोध झाला असता तर आम्हांस वाईट वाटले नसते. विरोध करण्यासाठी निदान विचार तरी करावा लागतो. परंतु सभासद हसले. एका सुविद्य सद्गृहस्थांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, पण तेथे पाहण्यासारखे आहे तरी काय?" आणि जयंतीसाठी इस्तिराहा कोणता भाड्याने घ्यावा व ऑर्केस्ट्रा कोणाचा बोलवावा या गहन प्रश्नाकडे चर्चा वळली. त्या सद्गृहस्थांना त्या वेळी आम्हांस उत्तर देता आले नाही. ते आज येथे देत आहोत.

आपल्यापैकी बहुतेकांनी असीर प्रांतातील अब्हा हे शहर पाहिलेले आहे. जेद्दा-रियाधकडे उन्हाने अंगाची लाही होत असताना सुमारे २२०० मीटर उंचीवरच्या त्या गावात धुके उतरते, रस्त्याच्या कडेला माकडांचे कळप बसलेले असतात आणि मुले पहिल्या दिवशीच सर्दी ओढवून घेतात. त्याच शहरात अल्-मुफ्ताहा नावाची कलावंतांची वसाहत आहे आणि तेथे एक नाट्यगृह आहे. ११ ऑगस्ट २००० च्या रात्री त्या रंगमंचावर सौदी अरेबियाचे थोर गायक तलाल मद्दाह गात होते. हातात ऊद होता, समोर श्रोते होते, दूरदर्शनवरून कार्यक्रम घरोघर दिसत होता आणि गाता गाताच ते कोसळले. त्यांनी नुकतीच साठी गाठली होती. आज त्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे. ज्या देशात जाहीर मैफली २०१७ पर्यंत दुर्मीळ होत्या आणि जेथे गायन योग्य की अयोग्य यावर आजही घरोघर मतभेद आहेत, त्या देशातील माणसे आपल्या मुलांना त्या वास्तूपाशी नेतात आणि 'तलाल येथे गेला' असे सांगतात. आम्ही ते आमच्या कानांनी ऐकले आहे. तलाल मद्दाह यांचा जन्म मक्केचा. त्या नगरीत आपल्याला जाता येत नाही. तो त्यांच्या धर्माचा नियम आहे आणि पाहुण्याने तो पाळावयाचा असतो. देशवंडीच्या वेशीवर मात्र आपल्याला कोणीही अडवत नाही. तेथे आपली पावले आपणच अडवली आहेत.

आता याच अब्ह्याच्या घटनेशेजारी दुसरी एक घटना ठेवून पाहा. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर एका बौद्ध दूरचित्रवाणी वाहिनीच्या उद्घाटनाचा समारंभ होता. 'जांभूळ आख्यान' अवघ्या महाराष्ट्राला ऐकविणारे लोकशाहीर विठ्ठल उमप त्या व्यासपीठावर होते. वय ७९. तेथेच त्यांचे हृदय थांबले. तो संविधान दिन होता आणि ज्या भूमीवर १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला माणूसपण दिले ती भूमी होती. आपल्यापैकी प्रत्येक कुटुंब दीक्षाभूमीवर जाऊन आलेले आहे. स्तूपासमोर काढलेले छायाचित्र प्रत्येकाच्या दिवाणखान्यात आहे. परंतु आपल्या किती मुलांना ठाऊक आहे की आपला एक शाहीर त्याच ठिकाणी गेला? आम्ही बैठकीनंतर सहज चौकशी केली. मुलांना ठाऊक नव्हते. त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे त्यांच्या वडिलांनाही नव्हते. अब्ह्याच्या नाट्यगृहाची हकीकत मात्र चौघांना पाठ होती.

येथे कोणी म्हणेल की गाणाऱ्याचे एवढे काय? बाबासाहेब वाचा, संविधान वाचा, शाहिरांना कशाला शोधत फिरता? या बंधूंना आम्ही त्यांच्याच आयुष्याची आठवण करून देऊ इच्छितो. या देशात आपल्याला विहार नाही, मिरवणूक नाही, चौकात निळा झेंडा नाही. तीस वर्षांपूर्वी आलेल्या मंडळींना स्मरत असेल की एखाद्याच्या दोन खोल्यांत, पडदे ओढून, शुक्रवारी आपण जमत असू. मूर्ती नसे, भन्ते नसत. गावाहून येणाऱ्याच्या पिशवीत लोणच्याच्या बरणीखाली दोन-तीन कॅसेट असत. त्रिशरण-पंचशील हळू आवाजात म्हटले की टेपरेकॉर्डर लागे, आणि प्रल्हाद शिंदे यांचा तो खणखणीत आवाज शेजाऱ्यापर्यंत जाऊ नये म्हणून यजमान पुन्हा पुन्हा उठून बटण फिरवीत. आपला धम्म या वाळवंटात टिकला तो ग्रंथांवर जितका, तितकाच या गाण्यांवर. आणि त्याआधीचे काय? आमच्या मातोश्रींना अक्षरओळख नव्हती. बाबासाहेबांचे एकही पुस्तक त्या वाचू शकल्या नाहीत. महाडचे तळे, काळाराम मंदिर, संविधान, धर्मांतर हे सारे त्यांना गाण्यांतून कळले, आणि ते कळले म्हणून त्यांनी आम्हांस शाळेत घातले. आमची वैद्यकीय पदवी दवाखान्याच्या भिंतीवर लटकते आहे. तिच्या मुळाशी जलशाची रात्र आहे, हे आम्ही कोणत्याही सभेत सांगावयास तयार आहोत.

त्या रात्री ज्यांनी उजळल्या त्यांतील अग्रणी वामनदादा. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे त्यांचा जन्म झाला. तो अवर्षणाचा मुलूख. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत राबले, चिक्की विकली. शिवडीच्या चाळीत असताना कोणीतरी एक पत्र त्यांच्याकडे वाचून घेण्यासाठी आणले. हा उमदा, लेझीम खेळणारा तरुण. त्याला वाचता येत असणारच असे त्या माणसास वाटले. वामनदादांना वाचता येत नव्हते. ती शरम त्यांच्या जिव्हारी लागली. देहलवी नावाच्या गुरुजींकडून मुळाक्षरे गिरवली आणि पुढे दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत हा माणूस साक्षर झाला. १९४३ साली एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी पहिले विडंबन रचले. तेथून १५ मे २००४ रोजी नाशिक येथे देह ठेवीपर्यंत साठ वर्षे ते लिहीत आणि गात राहिले. गावोगाव, वस्तीवस्तीत, पदरी पडेल ते मानधन घेऊन. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, २३ जून २००४ रोजी, प्रल्हाद शिंदेही गेले. एकाच उन्हाळ्यात आपल्या चळवळीचे शब्द आणि आवाज दोन्ही गेले. आपण येथे दोन मिनिटे उभे राहिलो आणि सोमवारी कामावर गेलो.

वामनदादांच्या रचनेची एक रीत होती. संतांप्रमाणे तेही शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफीत. 'वामन' हा शब्द आला की गाणे संपले असे श्रोत्यांना कळे. ही केवळ काव्यातील खूण नव्हती. ज्या समाजाचे नाव सात-बाऱ्यावर नव्हते, देवळाच्या देणगीदारांत नव्हते, पाठ्यपुस्तकात नव्हते, त्या समाजातील एक माणूस आपल्या श्रमावर आपले नाव कोरून ठेवीत होता. आता आपल्या जयंतीत काय घडते ते पाहा. डी. जे. वाजतो. ध्रुपद घेतले जाते, ते चारदा घोळविले जाते, त्यावर मुले नाचतात आणि शेवटचे कडवे येण्यापूर्वीच दुसरे गाणे सुरू होते. नाव कापले जाते. कोणा उच्चवर्णीय संपादकाने हे केले असते तर आपण निषेधाचे ठराव केले असते. हे आपल्या भाड्याने घेतलेल्या इस्तिराह्यात, आपल्या रियालांनी, आपणच करीत आहोत.

'तेथे पाहण्यासारखे काय आहे' असे विचारणारे आमचे स्नेही दोन वर्षांपूर्वी सहकुटुंब ऑस्ट्रियाला गेले होते. त्यांनी साल्झबुर्ग येथील मोझार्टच्या जन्मघराची छायाचित्रे आम्हांस मोठ्या कौतुकाने दाखविली. ते कौतुक योग्यच होते. आम्हीही तेथे जाऊन आलो आहोत, हे कबूल केले पाहिजे. गेट्राइडेगासे या गल्लीतील ९ क्रमांकाच्या इमारतीचा तिसरा मजला. २७ जानेवारी १७५६ रोजी मोझार्ट तेथे जन्मला. आत काय आहे? भाड्याच्या खोल्या, लहानपणचे व्हायोलिन, केसांची एक बट. १८८० साली तेथे संग्रहालय झाले म्हणून ते आज 'पाहण्यासारखे' आहे. व्हिएन्नात मोझार्ट सामान्य कबरीत पुरला गेला, त्याची नेमकी जागा आज कोणालाही ठाऊक नाही, तरीही सेंट मार्क्सच्या दफनभूमीत लोक फुले ठेवतात. जर्मनीतील बॉन शहरात बीथोव्हेनचे जन्मघर पाडले जाण्याच्या बेतात होते. १८८९ साली बारा नागरिक एकत्र आले, संस्था स्थापली, घर विकत घेतले आणि १८९३ मध्ये ते लोकांसाठी खुले केले. अवघे बारा! आपल्या गेल्या जयंतीस पंगतीला किती पाने मांडली होती ते खजिनदारांना विचारावे.

सारांश, कोणतेही ठिकाण आपोआप पाहण्यासारखे होत नाही. पाहणारे जातात म्हणून ते तसे होते. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड ही एक साधी राहती इमारत होती. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तेथे राहिले आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ती घेतली, म्हणून आज आपली मुले त्या जिन्यावर पाय हळू ठेवतात. मग शिवडीच्या चाळीचा जिना चढताना आपल्याला लाज का वाटावी? आमचे स्पष्ट मत असे की 'तेथे काय आहे' हा प्रश्न आपला नाहीच. तो ज्यांनी आपल्या वस्त्यांकडे सदैव नाक मुरडून पाहिले त्यांचा आहे. आपण त्यांची नोकरी सोडली, देव सोडले, गाव सोडले. त्यांची नजर मात्र सामानात बांधून समुद्रापार आणली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो एका तरुण अभियंत्याने घेतला. अशा भेटी म्हणजे नवी तीर्थयात्रा नव्हे काय? व्यक्तिपूजा नव्हे काय? या तरुणाच्या जागरूकतेचा आम्हांस आनंद वाटतो. परंतु महापरिनिब्बान सुत्तात स्वतः तथागतांनी लुंबिनी, बुद्धगया, सारनाथ आणि कुशिनारा ही चार स्थळे श्रद्धावंताने पाहण्याजोगी म्हणून सांगितली आहेत. पाहणे आणि पूजणे यांत फरक आहे. देशवंडीला नारळ फोडावयास जावे असे आम्ही म्हणत नाही. तेथील माती कपाळाला लावावी असेही म्हणत नाही. आणि जे यात्रेच्या नावाने एवढे दचकतात त्यांना आम्ही नम्रपणे विचारतो की सिन्नरवरूनच शिर्डीचा रस्ता जातो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्यातील काही कुटुंबांच्या गाड्या 'वाटेत आहे म्हणून' त्या रस्त्याला लागतात, तेव्हा हा प्रश्न कोठे असतो?

गेल्या वर्षी आम्ही मुलास घेऊन शिवडीला गेलो. तळमजला अधिक तीन मजले, मध्ये लांब बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, मजल्याच्या टोकाला सामाईक शौचालये. मुलाने आयुष्यात प्रथमच विचारले की एका खोलीत किती माणसे राहत असत. आम्ही सांगितले. त्याने खोली डोळ्यांनी मोजली आणि म्हटले, "मग दादा लिहायचे कुठे?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. बोळातून जाणाऱ्या दोघा तरुणांना वामनदादांविषयी विचारले. त्यांनी मान हलविली. दाराशी लसूण सोलीत बसलेल्या एका वृद्ध बाईंनी मात्र हात थांबविला. त्यांनी बोटाने काहीच दाखविले नाही. त्या गाऊ लागल्या. पहिल्या शब्दापासून शेवटच्या कडव्यापर्यंत, नाव येईपर्यंत. आमचा मुलगा येथे जन्मलेला, त्याचे मराठी अडखळते. ते नाव आले तेव्हा त्याने आमच्याकडे वळून पाहिले.

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास चालू आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांचा ताबा मिळाला. लोकांना चांगली घरे मिळावीत याहून आनंदाची गोष्ट कोणती? शिवडीच्या बारा चाळी बंदराच्या जागेवर असल्याने मागे राहिल्या आहेत, पण त्याही आज ना उद्या जातील आणि गेल्याच पाहिजेत. माणसांनी १६० चौरस फुटांत राहावे असे आम्ही आमच्या हौसेपायी म्हणणार नाही. परंतु त्या पडण्यापूर्वी त्या कोणाच्या होत्या हे लिहून, टिपून, छायाचित्रांत धरून ठेवणे हे काम कोणाचे? शासनाकडे अर्ज करण्यापूर्वी एका ऑर्केस्ट्राची रक्कम बाजूला काढावी. त्यातून त्या वृद्ध बाईंसारख्या दहा-वीस जणांचे कंठ ध्वनिमुद्रित होतील, शेवटच्या कडव्यांसह. ही सूचना आम्ही पुन्हा, लेखी, सर्वसाधारण सभेसमोर ठेवीत आहोत.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. देशवंडीला आम्ही स्वतः अद्याप गेलेलो नाही. साल्झबुर्ग पाहिले, अब्हा तीनदा पाहिले, आणि नाशिकहून अर्ध्या दिवसात होणारी भेट तीस वर्षांत झाली नाही. तेव्हा वरील सारी दूषणे प्रथम आम्हांस लागू आहेत. येत्या १५ ऑगस्टला, वामनदादांच्या जन्मदिनी, आपली बहुतेक कुटुंबे मायदेशीच असतील. आम्ही त्या दिवशी सकाळी सात वाजता नाशिकहून सिन्नरमार्गे निघणार आहोत. गाडीत चार जागा रिकाम्या आहेत. त्यांतील एक त्या सुविद्य सद्गृहस्थांसाठी राखून ठेवली आहे. त्यांनी होकार लवकर कळवावा.